मावशी, भाची आणि लंडनची घोषणा

पत्र: आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मूळचे अलिबाग तालुक्यातले, आता दोन पिढ्या ठाण्यात. माझी थोरली बहीण लग्न होऊन इस्रायलला गेली त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. ती अश्दोदला असते आणि अजूनही माझ्याशी मराठीतच भांडते. माझी मुलगी लंडनला शिकायला गेली ती तिथेच नोकरीला लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनने पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, तेव्हा तिने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "उशिरा का होईना, न्याय झाला." ताईने लगेच उत्तर टाकलं, "सात ऑक्टोबरला आमची माणसं मारली, त्याचं हे बक्षीस. तुझ्या पंतप्रधानाला म्हणावं, एक रात्र आमच्या मामादमध्ये काढून बघ." मामाद म्हणजे तिच्या घरातली जाड भिंतींची खोली, भोंगा वाजला की सगळे तिथे धावतात. मुलगी ग्रुप सोडून गेली. आता ताईच्या नातवाचं लग्न ठरलंय. तो राखीव सैनिक, गाझात जाऊन आलेला. मेंदी आहे, मलिदा आहे, सगळं गणगोत जमणार. मुलगी म्हणते, "मी येणार नाही." ताई म्हणते, "तिला आणूच नकोस." शिवाय मुलीने मला एक निवेदन पाठवलंय, त्यावर सही करून आपल्या खासदारांना पाठव म्हणते. बाहेरच्या देशांच्या या निर्णयांनी तिकडे शांतता जवळ येते की लांब जाते? दोघींत बरोबर कोण? आणि मी लग्नाचं काय करू?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर:

नमस्कार. तुमची मुलगी आणि तुमची ताई भांडताहेत खऱ्या, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. लंडनमध्ये एक घोषणा झाली आणि त्यामुळे फार मोठं काहीतरी घडलं, असं दोघींनाही वाटतंय. एकीला न्याय झाला असं वाटतं, दुसरीला विश्वासघात. मला वाटतं, घोषणेतून आपोआप फार थोडं घडतं. ती करताना कोणाकडून काय मागितलं, आणि ते दिलं नाही तर पुढे काय करणार हे सांगितलं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. तुम्ही राजकारण न कळणाऱ्या आहात असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९९१ सालापासून सुरुवात करू. सोव्हिएत संघातून लाखो ज्यू इस्रायलमध्ये येत होते. त्यांना घरं, कामं द्यायला इस्रायलला दहा अब्ज डॉलरचं कर्ज उभारायचं होतं आणि त्याला अमेरिकेची हमी हवी होती. पंतप्रधान होते यित्झाक शामीर. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश म्हणाले, वेस्ट बँक आणि गाझा या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागांत इस्रायली लोकांसाठी चाललेलं वसाहतींचं बांधकाम थांबवा, मग हमीचं बघू. शामीर ऐकेनात. बुशनी हमीचा विषय लांबणीवर टाकला आणि त्यासाठी स्वतःच्या देशातला रोषही पत्करला. ३० ऑक्टोबर १९९१ ला माद्रिदला शांतता परिषद भरली, तिथे शामीर स्वतः गेले. पॅलेस्टिनी प्रतिनिधी जॉर्डनच्या शिष्टमंडळातून आले, कारण पीएलओशी, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेशी, थेट बोलायला इस्रायल तयार नव्हता.

त्यानंतर जे झालं ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. जून १९९२ च्या निवडणुकीत यित्झाक राबिन यांनी मतदारांना सांगितलं की पैसा वसाहतींवर उधळण्यापेक्षा देशातल्या लोकांवर, नव्याने आलेल्यांवर खर्च करू. वसाहतींना किंमत मोजावी लागते, हे सामान्य इस्रायली माणसाला तेव्हा समोर दिसत होतं, कारण वॉशिंग्टनने ती किंमत लावली होती. शामीर हरले, राबिन आले. ऑगस्टमध्ये बुशनी हमी द्यायचं मान्य केलं. पॅलेस्टिनी बाजूलाही तेव्हा असाच पेच होता. आखाती युद्धात पीएलओचे प्रमुख यासर अराफात सद्दाम हुसेनच्या बाजूने उभे राहिले म्हणून आखाती देशांनी पीएलओचा पैसा बंद केला होता, आणि पाठीशी असलेला सोव्हिएत संघ कोसळला होता. दोन्हीकडच्या नेत्यांना आहे तसं चालू ठेवणं महाग पडायला लागलं, तेव्हाच ते एकमेकांशी बोलायला तयार झाले.

याच लाटेत तुमच्या घराशी थेट संबंध असलेला एक निर्णय झाला. भारताने इस्रायलला १९५० मध्येच मान्यता दिली होती, १९५३ पासून मुंबईत त्यांचं वाणिज्य दूतावासाचं कार्यालयही होतं, पण पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते. माद्रिदनंतर तीनच महिन्यांनी, २९ जानेवारी १९९२ ला, नरसिंह राव सरकारने ते प्रस्थापित केले. अरब देश इस्रायलसमोर बसायला लागल्यावर दिल्लीचा संकोच गेला. ताईंच्या पिढीला आधीचे दिवस नक्की आठवत असतील.

पुढे नॉर्वेने दोन्ही बाजूंना गुपचूप बोलायला ऑस्लोत जागा दिली, म्हणून त्या समझोत्याला ऑस्लो करार म्हणतात. ९ सप्टेंबर १९९३ ला इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, पीएलओने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला, आणि चार दिवसांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफात यांनी हात मिळवले. ते हस्तांदोलन आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आता पाहताना मला त्या चित्रात एक गोष्ट नसल्याचं जाणवतं. शब्द पाळला नाही तर कोण काय करणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेतल्या वसाहतींत लाखाच्या आसपास इस्रायली राहत होते. आज ती संख्या पाच लाखांच्या घरात आहे. हे वाढताना पाश्चात्त्य देश निषेधाची पत्रकं काढत राहिले. दुसऱ्या बाजूला समझोता नको असलेल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने बसमध्ये बॉम्ब फोडले आणि अराफात यांनी ते रोखण्यासाठी करायला हवं होतं तेवढं केलं नाही. तरी देणगीदारांचा पैसा येत राहिला. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने २९ नमाजींना गोळ्या घातल्या. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन यांचा खून झाला, तोही एका ज्यू कट्टरपंथीयाकडून. समझोत्याचे शत्रू दोन्हीकडे रोज कामाला लागलेले होते. समझोता घडवून आणणारे देश मात्र सह्या झाल्यावर निवांत झाले.

आता उलटं उदाहरण. अमेरिकेच्या संसदेने १९९५ मध्येच कायदा केला होता की आपला दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला न्यायचा. पण क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा दर सहा महिन्यांनी सही करून तो पुढे ढकलत राहिले, कारण जेरुसलेमचा निकाल दोन्ही बाजूंनी मिळून लावायचा आहे ही भूमिका होती. ६ डिसेंबर २०१७ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली. बदल्यात इस्रायलकडे काय मागितलं? काहीच नाही. वाटणीचा वाद मिटलेला नसताना तलाठ्याने एका भावाच्या नावावर सातबारा करून द्यावा, तसं ते झालं. ज्याच्या नावावर झाला तो बोलणी कशाला करेल, आणि दुसरा त्या कचेरीत पुन्हा कशाला जाईल? पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी अमेरिकेशी शांततेची बोलणी बंद केली. १४ मे २०१८ ला दूतावासाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी गाझाच्या कुंपणाशी निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात साठेक पॅलेस्टिनी मेले. त्या वर्षी अमेरिकेने पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा निधी बंद केला, वॉशिंग्टनमधलं पीएलओचं कार्यालयही बंद केलं. म्हणजे एका बाजूला सगळं आधीच देऊन टाकलं आणि दुसऱ्या बाजूशी बोलायची सोयच ठेवली नाही. मध्यस्थाजवळ मग उरतं काय?

काही निर्णय तर घरच्या मतदारांकडे बघूनच घेतले जातात. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी जेरुसलेमचा विषय २०१८ मध्ये एका पोटनिवडणुकीच्या तोंडावर काढला, त्या मतदारसंघात ज्यू मतदार बरेच होते. डिसेंबरमध्ये पश्चिम जेरुसलेमला मान्यता दिली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ती मागे घेतली. जेरुसलेममध्ये राहणाऱ्या एकाही माणसाच्या आयुष्यात त्याने काडीचा फरक पडला नाही.

२०२० ची एक गोष्ट तुमच्या मुलीला मुद्दाम सांगा. इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू तेव्हा वेस्ट बँकेचा मोठा भाग इस्रायलला जोडून घेणार होते. जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीचे अमेरिकेतले राजदूत युसेफ अल ओतैबा यांनी इस्रायलच्या मोठ्या खपाच्या 'येदिओत अहरोनोत' या दैनिकात थेट हिब्रूत लेख लिहिला. सांगणं साधं होतं: भूभाग जोडून घ्या किंवा आमच्याशी संबंध जोडा, दोन्ही मिळणार नाही. ऑगस्टमध्ये नेतान्याहूंनी जोडणी स्थगित केली आणि अमिरातीशी संबंध सुरू झाले. एका परक्या देशाने इस्रायली माणसाला त्याच्याच भाषेत, त्याला हवं ते दाखवून, अट घातली. त्याचं फळ मिळालं. पॅलेस्टिनींना मात्र त्या करारातून हाती काही लागलं नाही, बोलणी पुढे सरकली नाहीत, आणि त्यांना वगळून हा प्रदेश शांत करता येईल अशी समजूत बऱ्याच राजधान्यांत पसरली. ७ ऑक्टोबर २०२३ ला ती समजूत किती पोकळ होती ते दिसलं. त्या हल्ल्याचं समर्थन मी कुठल्याही कारणाने करणार नाही. हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं एका दिवसात मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतर गाझात मेलेल्यांची संख्या तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार दोन वर्षांत ६७,००० च्या वर गेली, त्यात हजारो मुलं. एका आकड्याने दुसरा आकडा फिटत नाही. घरातल्या भांडणात कुणी तसा हिशेब मांडायला लागलं तर तिथेच थांबवा.

तर, लंडन. २९ जुलै २०२५ ला ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर म्हणाले की इस्रायलने गाझातली स्थिती सुधारली नाही, शस्त्रसंधी मान्य केली नाही, वेस्ट बँक जोडून घेणार नाही असं स्पष्ट केलं नाही, तर सप्टेंबरमध्ये आम्ही पॅलेस्टाईनला मान्यता देऊ. हमासलाही सांगितलं की ओलीस सोडा, शस्त्रं टाका. पण मान्यता हमासच्या वागण्यावर अवलंबून नव्हती. ताईंचा राग नेमका इथे आहे, आणि तो अनाठायी नाही. हमास अडून बसला तरी मान्यता मिळणारच होती. ओलिसांच्या काही नातेवाइकांनीही त्या वेळी हीच हरकत घेतली होती.

मुलीचं म्हणणंही ताईंनी ऐकायला हवं. पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमीम ही मोठी वसाहत यांच्या मधल्या 'ई-१' नावाच्या पट्ट्यात घरं बांधायची योजना इस्रायलकडे १९९० च्या दशकापासून आहे. ती पुरी झाली तर वेस्ट बँकेचा उत्तर भाग दक्षिणेपासून जवळपास तुटतो. इतकी वर्षं ती कागदावर राहिली ती अमेरिका आणि युरोपच्या विरोधामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली, सुमारे ३,४०० घरांची, आणि अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघडच सांगितलं की यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडली जाईल. बाहेरचं जग काही करू शकत नाही असं म्हणणाऱ्याला मी हेच उदाहरण देते. बाहेरच्यांनी धरून ठेवलं होतं तोवर योजना अडली. त्यांनी हात सैल सोडला, ती सुटली. मंत्री उघडपणे राष्ट्र गाडायची भाषा करत असताना "योग्य वेळी मान्यता देऊ" असं म्हणत बसणं म्हणजे त्या मंत्र्याला मदतच होती. म्हणून मान्यता चुकीची होती असं मी म्हणणार नाही. २१ सप्टेंबरला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, दुसऱ्या दिवशी फ्रान्स. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ देशांची मान्यता झाली. पण ई-१ ची मंजुरी जागेवरच राहिली. मान्यतेच्या पाठोपाठ, वसाहतींशी होणारा व्यापार बंद करण्यासारखी ठोस किंमत लंडनने लावली नाही.

तुमच्या ग्रुपवर बहुधा कुणीच न टाकलेली गोष्ट त्याच उन्हाळ्यात घडली. फ्रान्स आणि सौदी अरेबियाच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये एक जाहीरनामा तयार झाला. त्यात सौदी, कतार, इजिप्त यांच्यासह अरब देशांनी सात ऑक्टोबरच्या हल्ल्याचा निषेध केला आणि हमासने ओलीस सोडावेत, गाझाची सत्ता सोडावी, शस्त्रं वेस्ट बँकेत कारभार बघणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या हवाली करावीत असं म्हटलं. अरब देशांनी एकत्र येऊन असं आधी कधी म्हटलं नव्हतं. १२ सप्टेंबरला आमसभेने १४२ मतांनी त्याला पाठिंबा दिला, भारताचं मत त्यातच होतं. मान्यतेच्या बदल्यात जे काही मिळालं ते हे. बक्षीस, बक्षीस म्हणणाऱ्या ताईंना हे कुणीतरी सांगायला हवं. आणि न्याय झाला म्हणणाऱ्या मुलीला हेही की, ती ज्याच्यासाठी आनंदली त्या कागदात हमासला जागा नाही.

लढाई थांबली ती मात्र वेगळ्याच दडपणाने. ९ सप्टेंबरला इस्रायलने कतारची राजधानी दोहात हमासच्या नेत्यांवर हवाई हल्ला केला, म्हणजे मध्यस्थाच्याच घरात. आखाती देश संतापले. अमिरातीने आधीच बजावलं होतं की वेस्ट बँक जोडून घेणं आम्हाला चालणार नाही. अरब नेते ट्रम्प यांना न्यूयॉर्कमध्ये भेटले आणि दोन दिवसांत ट्रम्प जाहीरपणे म्हणाले की वेस्ट बँक जोडून घेऊ देणार नाही. २९ सप्टेंबरला नेतान्याहूंनी व्हाइट हाऊसमधून फोन करून कतारच्या पंतप्रधानांची माफी मागितली, आणि त्याच दिवशी गाझातली लढाई थांबवायची ट्रम्प यांची वीस कलमी योजना जाहीर झाली. कतार, इजिप्त, तुर्कस्ताननी हमासवर जोर लावला. १० ऑक्टोबरला शस्त्रसंधी, १३ ला जिवंत असलेले वीसही ओलीस घरी, आणि सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी कैदी सुटले. २०१७ मध्ये काहीही न मागता जेरुसलेम देऊन टाकणारा आणि २०२५ मध्ये नेतान्याहूंना फोन करायला लावणारा माणूस एकच. म्हणून माणूस चांगला की वाईट यावर मी फार वेळ घालवत नाही. त्या दिवशी त्याने कोणाला काय करायला लावलं, तेवढं बघते.

त्यानंतरही गाझात माणसं मरतच राहिली, हे लपवून चालणार नाही. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने योजनेला मान्यता दिली. त्यात पॅलेस्टिनी राष्ट्राकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख आहे, पण किती जर-तर लावून, आणि तारखेशिवाय. ऑस्लोचा अनुभव गाठीशी असलेल्याला इथे काळजी वाटणारच.

निवेदनाबद्दल. पॅलेस्टाईनला मान्यता द्या असं त्यात असेल तर सही करू नका, कारण भारताने ती १८ नोव्हेंबर १९८८ लाच दिली आहे. त्यापेक्षा खासदारांना स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा. २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलने वेस्ट बँकेतल्या बहुतेक कामगारांचे परवाने थांबवले, आणि बांधकामावर हजारो भारतीय कामगार गेले. आपल्या पोरांना चांगली मजुरी मिळाली, त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. पण पॅलेस्टिनी घराची चूल ज्या मजुरीवर पेटायची ती गेली, आणि कामाविना बसलेला तरुण कोणाच्या हाती लागतो ते सांगायला नको. हाही परराष्ट्र धोरणाचाच निर्णय होता, फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही. कामगार पाठवताना भारताने काही मागितलं होतं का, पॅलेस्टिनी कामगारांच्या परवान्यांचा विषय काढला होता का, हे विचारा. दोन्हीकडे ज्याची ऊठबस आहे अशा देशाने हे विचारणं योग्यच आहे, आणि ताईंनाही त्यावर रागवायचं कारण नाही.

आता लग्न. मुलीने यावं असं मला मनापासून वाटतं. तो मुलगा म्हणजे इस्रायलचं सरकार नाही. सक्तीच्या सेवेतून राखीव दलात गेलेला पंचविशीतला पोरगा आहे आणि त्याने तिथे जे पाहिलं ते कदाचित कुणाला सांगितलेलंही नसेल. मुलीने त्याला आधी फोन करावा, मावशीला नंतर. राजकारणावर नको, लग्नावर बोलावं. त्याने विषय काढला तर ऐकून घ्यावं.

ताईंशी तुम्ही स्वतः बोला, ग्रुपवर नव्हे, शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आत निवांत वेळी. त्यांना सांगा की लेकीने पॅलेस्टिनींसाठी आनंद मानला म्हणजे सात ऑक्टोबरच्या मेलेल्यांवर ती हसली असं होत नाही. आणि एक आठवण करून द्या. १९६० च्या दशकात इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायल लोकांच्या लग्नांवर शंका घेतली, तेव्हा याच समाजाने जेरुसलेममध्ये धरणं धरली आणि १९६४ मध्ये तो निर्णय बदलायला लावला. त्या देशावर जीव असलेल्या माणसांनीच त्या देशाच्या सत्तेला तुमचं चुकतंय असं सांगितलं होतं. ताईंच्या सासरी त्या धरण्याला गेलेलं कुणी ना कुणी असेलच, त्यांना विचारा.

एवढं करूनही मुलगी नाही म्हणाली तर जबरदस्ती करू नका. आहेर तिच्याच नावाने पाठवा आणि तसं ताईंना स्पष्ट सांगा. तिकडची उड्डाणं अचानक रद्द होतात, तेव्हा तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. मुलीचंही काढून ठेवा, हो म्हणायला तिला शेवटपर्यंत वेळ राहील. तिला ग्रुपमध्ये परत घेण्याआधी मात्र तिला विचारा.